ट्रेड डेडलाइनआधी बेसबॉल संघाची छाननी: कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं

जुलै उजाडला की बेसबॉल पाहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पा एकाच विषयावर येतात: ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत (डेडलाइन) संपण्याआधी आपल्या संघाने कोणाला द्यावं आणि कोणाला आणावं. न्यू जर्सीतले यांकीज-मेट्सवाले असोत, बे एरियातले जायंट्सवाले असोत की पुण्यात पहाटे उठून स्कोअर बघणारे असोत, यादी प्रत्येकाकडे तयार असते. बहुतेक याद्या मात्र पहिल्याच ओळीत चुकतात, कारण त्या नावापासून सुरू होतात. ‘याची बॅट थंड पडलीये, काढा’ किंवा ‘तो मोठा पिचर आहे, आणा’ इथून सुरुवात होते. त्या खेळाडूचा करार किती उरलाय, त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवता येतं का, त्याच्या जागी उद्या कोण खेळणार, समोरचा संघ त्याच्यासाठी काय म्हणून काही देईल, हे प्रश्न नंतर येतात किंवा येतच नाहीत.

आयपीएलची सवयही इथे नडते. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही, आणि २०२३ साली हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला तसा निव्वळ पैशांवरही होतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, बहुतेक खेळाडूंना कोणी विचारत नाही. चांगला खेळाडू हवा असेल तर बदल्यात खेळाडूच मोजावे लागतात. लिलाव नाही, दर काही वर्षांनी पाटी कोरी होणं नाही. प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं घड्याळ चालू असतं, आणि ट्रेडमध्ये खरं तर त्या घड्याळातला उरलेला वेळ विकला जातो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मित्रांच्या फँटसी लीगमध्ये वर्षानुवर्षं एकच संघ चालवत असाल तरी क्रम हाच ठेवा, फक्त पगार आणि ऑप्शनचे भाग तुमच्या लीगच्या नियमांप्रमाणे वगळा.

## टप्पा १: आधी तक्ता भरा, मत नंतर

एका शीटवर संघातले ४० जण एकाखाली एक लिहा. मैदानात उतरायला उपलब्ध असतात ते २६. पण संघाचे निर्णय ४० जणांच्या यादीवर अडतात. नवा माणूस मेजर लीग करारावर आणायचा तर या ४० मध्ये जागा लागते, आणि जागा नसेल तर कोणाला तरी काढावं लागतं.

प्रत्येक नावापुढे या गोष्टी भरा:

- वय आणि कोणकोणत्या पोझिशनवर खेळू शकतो
- यंदाचा पगार आणि करार संपण्याचं वर्ष
- सर्व्हिस टाइम
- किती ऑप्शन उरले
- ट्रेड नाकारण्याचा हक्क आहे का
- सध्या जखमींच्या यादीत आहे का, असल्यास किती दिवसांच्या

ही माहिती फॅनग्राफ्सवरच्या रोस्टर रिसोर्सच्या पानांवर, बेसबॉल रेफरन्सवर आणि स्पॉट्रॅकवर फुकट मिळते.

यातले दोन रकाने लोक हमखास चुकीचे भरतात.

सर्व्हिस टाइम. मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या यादीवर) किंवा तिथल्या जखमींच्या यादीत काढलेले दिवस मोजायचे. असे १७२ दिवस झाले की एक वर्ष पूर्ण. तीन वर्षांपर्यंत पगार जवळजवळ संघ ठरवतो, आणि २०२६ चा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. तीन वर्षांनंतर आर्बिट्रेशन (पगारावर एकमत न झाल्यास लवादाचा निर्णय) सुरू होतं आणि पगार दरवर्षी चढत जातो. दोन वर्षं पूर्ण झालेल्यांपैकी सर्वांत जास्त दिवस भरलेल्या काहींना ती संधी वर्षभर आधीच मिळते. सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोसमानंतर मोकळा. तक्त्यात सर्व्हिस टाइम ‘४.०९५’ असा लिहिलेला दिसेल. तो दशांश अपूर्णांक समजू नका. त्याचा अर्थ ४ वर्षं आणि ९५ दिवस.

ऑप्शन. वेव्हर्सवर न टाकता, म्हणजे बाकीच्या संघांना उचलायची संधी न देता, खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठवण्याची ही मुभा. साधारणपणे तीन मोसम मिळते. एका मोसमात मिळून २० किंवा जास्त दिवस तो खाली राहिला की त्या वर्षाचा ऑप्शन खर्ची पडतो. एकाच मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. पाच वर्षं सर्व्हिस झालेल्याला त्याच्या संमतीशिवाय पाठवताच येत नाही.

तपासून पाहा: २६ मध्ये पिचर (चेंडू टाकणारे) १३ पेक्षा जास्त नाहीत ना? ६० दिवसांच्या जखमी यादीतले खेळाडू ४० मध्ये मोजले तर नाहीत ना? ते मोजायचे नसतात. पण बरे होऊन परत आले की त्यांना जागा द्यावीच लागते, म्हणून त्यांची परतीची अंदाजे तारीख बाजूला लिहून ठेवा.

## टप्पा २: संघ नक्की कुठे उभा आहे

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं वाया जातं. विकणारा संघ आणि घेणारा संघ यांना एकाच खेळाडूबद्दल उलटी उत्तरं मिळतात, त्यामुळे आधी आपण कोणत्या बाजूला आहोत ते ठरायला हवं.

फक्त हार-जीत बघू नका. केलेल्या आणि दिलेल्या धावा घ्या. दोन्हींचा वर्ग करा आणि केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. समजा १०० सामन्यांत तुमच्या संघाने ४२० धावा केल्या आणि ४५५ दिल्या. ४२० चा वर्ग १,७६,४०० आणि ४५५ चा २,०७,०२५. उत्तर येतं .४६०, म्हणजे १०० पैकी ४६ विजयांचा संघ. गुणतक्त्यात मात्र तो ५२-४८ दिसत असेल. सहा विजय एका धावेच्या सामन्यांतून, थोड्याफार नशिबाने आलेले आहेत. उरलेल्या ६२ सामन्यांत नशीब तेवढीच साथ देईल असं धरून उद्याचे खेळाडू देऊन टाकणं धोक्याचं.

२०२२ पासून मेजर लीगमधल्या दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा संघ प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांतले सर्वोत्तम. त्यामुळे जुलैअखेर अर्धी लीग ‘अजून चान्स आहे’ म्हणते. चान्स किती आहे ते आकड्यात लिहा. वाइल्ड कार्डची पहिली फेरी तीन सामन्यांची असते. त्या तीन सामन्यांसाठी पाच वर्षं ताब्यात राहणारा खेळाडू देणं कधी रास्त असतं, तर संघ कागदावरही खरोखर चांगला असेल तेव्हा.

२०२३ चे एंजल्स डोळ्यांपुढे ठेवा. संघाचा तारा शोहेई ओहतानी याचा करार त्या वर्षी संपत होता. संघ निम्म्याहून जेमतेम जास्त सामने जिंकलेला. त्यांनी ओहतानीला ठेवलं आणि वर खरेदीही केली: लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ आले, एडगर केरो आणि काय बुश हे प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) गेले. ऑगस्टमध्ये संघ कोसळला. ओहतानीच्या कोपराचा लिगामेंट फाटला. महिनाअखेर जिओलिटो आणि लोपेझसह अनेकांना पगार वाचवायला वेव्हर्सवर टाकलं, आणि शेवट ७३-८९ वर झाला. डिसेंबरमध्ये ओहतानी ७० कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला. एंजल्सच्या हाती आली ती दुसऱ्या फेरीनंतरची एक ड्राफ्ट निवड, म्हणजे नवखे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधली एक पाळी.

ओहतानीला न विकण्यामागची भावना मला समजते. असा खेळाडू चाहत्यांच्या समोर ठेवण्याला मोल आहे. पण ‘विकायचं नाही’ आणि ‘वर खरेदीही करायची’ हे दोन वेगळे निर्णय होते. पहिला झाला म्हणून दुसरा करायलाच हवा असं काही नव्हतं.

सावधान: डेडलाइनच्या आदल्या आठवड्यातली पाच विजयांची मालिका संघाला चांगला ठरवत नाही. टप्पा २ चं उत्तर २० जुलैच्या सुमाराला लिहा. त्यानंतर ते बदलायचं असेल तर मोठ्या दुखापतीसारखं ठोस कारण हवं.

## टप्पा ३: नियमांची चाळणी

आता तक्त्यातून, ज्यांना हलवताच येणार नाही किंवा हलवताना अडचण येईल, अशा नावांवर खूण करा.

१. १० आणि ५ चा हक्क. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच सलग याच संघात काढलेला खेळाडू कोणताही ट्रेड नाकारू शकतो.

२. करारातला नकार. काहींना सगळ्याच संघांना नकार देता येतो, काहींना ठरावीक संघांच्या यादीपुरता. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉशिंग्टनकडून बॅटर वॉन सोटोला आणणाऱ्या ट्रेडमध्ये पाद्रेस संघाला एरिक हॉस्मरला वॉशिंग्टनला पाठवायचं होतं. त्याच्या करारात काही संघांना नाकारायची सोय होती आणि वॉशिंग्टन त्यात होतं. त्याने नाही म्हटलं, त्याच्या जागी लूक व्हॉइट गेला, हॉस्मर बॉस्टनला पोचला. ही यादी आधी बघितली नाही तर सौदा शेवटच्या तासात लटकतो.

३. ड्राफ्ट. यंदा निवडलेल्या नवख्यांना वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेड करता येत नाही. ड्राफ्टच्या निवडीही विकता येत नाहीत, अपवाद फक्त काही संघांना मिळणाऱ्या कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स फेरीच्या निवडींचा. ‘पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक द्या’ हे बास्केटबॉलचं बोलणं इथे चालत नाही.

४. लक्झरी टॅक्स. वरची सक्तीची मर्यादा नाही, पण २०२६ मध्ये पगारांची बेरीज २४ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर कर लागतो: पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. मर्यादा फार ओलांडली की त्यावर अधिभार वेगळा. इथे यंदा हातात पडणारा पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. तक्त्यात दोन्ही आकडे ठेवा.

## टप्पा ४: खेळाडू खरोखर किती चांगला आहे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका.

बॅटरसाठी बॅटिंग ॲव्हरेज आणि आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेल्या धावा) मागे ठेवा. आरबीआय तर त्याच्या आधीचे किती जण बेसवर पोचले यावर ठरतो. आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मोफत बेस) यांचं प्रमाण बघा. हे आकडे लवकर स्थिर होतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांतला बदल खरा असण्याची शक्यता जास्त. मग बॅबिप, म्हणजे मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी. लीगची ती .२९० ते .३०० च्या आसपास राहते. समजा तुमच्या फर्स्ट बेसमनची ॲव्हरेज .२२४ आहे, बॅबिप .२४०, पण बेसबॉल सॅव्हंटवर चेंडूचा वेग आणि कोन यांवरून काढलेला अपेक्षित आकडा गेल्या वर्षीइतकाच आहे. हा माणूस चेंडू जोरात मारतोय आणि तो क्षेत्ररक्षकांच्या हातात जातोय. आता विकलात तर तळाच्या भावाला विकलात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. समजा एका रिलीव्हरचा, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरचा, ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) १.९५ आहे. स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन एवढ्यांवरूनच काढलेला फिप मात्र ३.८०, आणि बॅबिप .२१०. बेसवर पोचलेल्यांपैकी ८८ टक्के त्याच्याविरुद्ध धाव न करता परततात, लीगमध्ये हे प्रमाण ७२ टक्क्यांच्या जवळपास असतं. हा पिचर वाईट नाही, पण १.९५ चाही नाही. संघ हरत असेल तर त्याला आजच बाजारात न्या.

पिचरचा विचार करताना फास्टबॉलचा वेग महिन्यागणिक बघा. एप्रिलपेक्षा जुलैत ताशी दीड-दोन मैलांनी कमी झाला असेल तर आकडे कितीही गोड असोत, खांद्याकडे किंवा कोपराकडे शंकेने बघायला हवं.

पोझिशनचं मोल विसरू नका. तेवढीच बॅटिंग करणारा शॉर्टस्टॉप आणि तेवढीच बॅटिंग करणारा फर्स्ट बेसमन यांत फार अंतर आहे, कारण चांगला शॉर्टस्टॉप शोधून सापडत नाही. मैदानही बघा. डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर, विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथले बॅटिंगचे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या शहरात नेऊ नका. मैदानाचा हिशेब करून काढलेला डब्ल्यूआरसी प्लस बघा, त्यात १०० म्हणजे लीगची सरासरी.

तपासून पाहा: ज्याला काढायचं ठरवलंत त्याचे गेल्या तीन मोसमांचे आकडे यंदाच्या शेजारी लिहिलेत का? फक्त यंदाच्या ९० सामन्यांवर निर्णय टेकत असेल तर पुन्हा मागे जा.

## टप्पा ५: उरलेल्या वर्षांची किंमत

आता पातळी आणि करार एकत्र आणा. ढोबळ हिशेब असा: उरलेल्या काळात खेळाडूकडून किती विजयांची भर अपेक्षित आहे ते वॉर (साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत मिळवून दिलेले जादा विजय) या आकड्यावरून धरा. मोकळ्या बाजारात एका विजयाला किती डॉलर पडतात ते गृहीत धरा. गुणाकारातून त्याचा उरलेला पगार वजा करा.

समजा दीड वर्ष करार उरलेला सेंटर फिल्डर आहे, अपेक्षा ५ विजयांची, विजयाला ८० लाख डॉलर धरले. झाले ४ कोटी. पगार द्यायचाय १ कोटी ८० लाख. शिल्लक २ कोटी २० लाख. समोरच्याकडून येणाऱ्या प्रॉस्पेक्टची किंमत याच्या आसपास हवी. आता हाच खेळाडू ४ कोटी पगारावर असेल तर शिल्लक शून्य. मैदानावर तो तितकाच चांगला आहे, बाजारात मात्र त्याच्या बदल्यात कोणी काही देणार नाही. नावाजलेल्या खेळाडूच्या बदल्यात ‘फारच कमी मिळालं’ अशी ओरड होते तेव्हा बहुतेक वेळा हे वजाबाकीचं गणित कोणी केलेलं नसतं.

उरलेल्या वेळाची किंमत सोटोच्या प्रवासात स्वच्छ दिसते. वॉशिंग्टनने देऊ केलेला ४४ कोटी डॉलरचा, १५ वर्षांचा करार त्याने नाकारला. संघाने ऑगस्ट २०२२ मध्येच, अडीच मोसम उरलेले असताना, त्याला जॉश बेलबरोबर पाद्रेसकडे पाठवलं. बदल्यात सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना आले, सोबत व्हॉइट. पहिले तिघे पुढे वॉशिंग्टनकडून ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगच्या निवडक संघात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये एकच मोसम उरला असताना पाद्रेसनी त्याला ट्रेंट ग्रिशमसह यांकीजना दिलं, तेव्हा मायकल किंग आणि आणखी चौघे मिळाले. किंग उत्तम निघाला, पण पहिल्या सौद्यातला भावी ताऱ्यांचा जथा यात नव्हता. २०२४ नंतर सोटो मोकळा झाला आणि ७६ कोटी ५० लाखांवर मेट्सकडे गेला. यांकीजना बदल्यात खेळाडू मिळाला नाही. तिन्ही वेळी खेळाडू तोच, खेळ जवळपास तोच, कमी होत गेला तो वेळ.

करार यंदाच संपत असेल तर आणखी एक तुलना करा. मोसमभर आपल्याकडे राहिलेल्या खेळाडूला, आधी कधी मिळाली नसेल तर, क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेच्या एका वर्षाच्या कराराची) देता येते. २०२५ च्या हिवाळ्यात ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलरची होती. त्याने ती नाकारून दुसरीकडे सही केली तर आपल्याला ड्राफ्टची एक निवड मिळते. म्हणजे ट्रेडमध्ये येणारं त्या निवडीपेक्षा बरं हवं, नाहीतर ठेवणं शहाणपणाचं. मोसमाच्या मध्यात ट्रेड झालेल्याला ही ऑफर देता येत नाही, त्यामुळे घेणारा संघ या निवडीसाठी काहीही मोजणार नाही.

## टप्पा ६: नावं गटांत टाका

इथवर आलात की नावं आपोआप वेगळी व्हायला लागतात.

हात लावायचा नाही: चार-पाच वर्षं ताब्यात असलेले, अवघड पोझिशनचे तरुण. हा गट छोटा ठेवा. चाहत्यांच्या याद्यांत इथे दहा-बारा नावं असतात. खऱ्या संघात तीन-चार निघाली तरी पुष्कळ.

विकायचेच: संघ हरणारा असेल तर यंदा करार संपणारे सगळे, आणि चांगला क्लोझर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर. क्लोझर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो आणि रिलीव्हरचा फॉर्म एका वर्षातून दुसऱ्यात टिकेलच असं नसतं. शेवटच्या स्थानावरच्या संघाने नवव्या इनिंगसाठी महागडा माणूस राखून ठेवण्याला मला तरी काही अर्थ दिसत नाही. २०१६ मध्ये यांकीजनी अरॉल्डिस चॅपमनला कब्सकडे पाठवून ग्लेबर टोरेससह चौघे घेतले. कब्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डिसेंबरमध्ये चॅपमन फ्री एजंट म्हणून यांकीजकडेच परत आला.

अडकलेले: बहुतेक याद्यांत हा गटच नसतो, आणि चांगले निर्णय इथेच दडलेले असतात. ऑप्शन संपलेला पाचवा आउटफिल्डर, एकाच पोझिशनवर तिसरा असलेला मायनर लीगचा बॅटर, आणि नोव्हेंबरात ज्यांना ४० मध्ये घ्यावंच लागेल असे प्रॉस्पेक्ट. १८ किंवा कमी वयात करार केलेल्याला पाच मोसम, १९ किंवा जास्त वयात केलेल्याला चार मोसम झाले की रूल फाइव्ह ड्राफ्टपासून वाचवायला ४० मध्ये घ्यावं लागतं. नाहीतर दुसरा संघ १ लाख डॉलर देऊन त्याला उचलू शकतो, फक्त पुढचं पूर्ण वर्ष मेजर लीगमध्ये ठेवण्याच्या अटीवर. तुमच्याकडे असे सहा आणि जागा तीन असतील तर जुलैतच दोघांना देऊन एक चांगला खेळाडू आणा. नोव्हेंबरात सगळ्यांना तुमची अडचण माहीत झालेली असते आणि भाव पडतो.

मोठा करार, उतरता खेळ: हे विकायचे तर पगाराचा वाटा आपण उचलावा लागतो. २०२३ मध्ये मेट्सनी मॅक्स शेर्झरला रेंजर्सकडे पाठवताना उरलेल्या पगाराचा मोठा भाग स्वतः भरला आणि बदल्यात लुइसान्हेल अकुन्या मिळवला. रोकड भरली म्हणून चांगला प्रॉस्पेक्ट आला.

सावधान: दोन स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) विकलेत तर उरलेल्या ५५ सामन्यांतल्या ५०० च्या आसपास इनिंग कोण टाकणार ते नावांसकट लिहा. उत्तर ‘मायनरमधली पोरं’ असेल तर त्यांचा सर्व्हिस टाइम सुरू होईल आणि कोवळ्या हातांवर भार पडेल. एखादा साधा, स्वस्त, इनिंग खाणारा पिचर याचसाठी ठेवावा.

## टप्पा ७: समोरच्या संघाची खुर्ची

आता प्रत्येक विकाऊ नावापुढे दोन संघ लिहा, ज्यांना नेमकी तीच गरज आहे. त्यांचाही ४० चा तक्ता उघडा. त्यांच्याकडे जागा आहे का? टॅक्सची मर्यादा जवळ आली आहे का? एकास चार असा सौदा मांडलात आणि येणारे चौघेही ४० मध्ये मोजले जाणारे असतील तर तुमच्याकडे तीन जागा रिकाम्या हव्यात.

घेणाऱ्याच्या बाजूने सर्वांत महाग पडते ती गेल्या तीन वर्षांच्या नावावर केलेली खरेदी. ३१ जुलै २०१८ ला पायरेट्सनी टॅम्पाकडून पिचर क्रिस आर्चर घेतला आणि टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज व नंतर शेन बाझ दिले. आर्चरचे सर्वोत्तम मोसम मागे पडले होते, ईआरए चारच्या वर होता. पायरेट्सकडे २०१९ मध्ये तो पाचच्या वर गेला. मेडोज त्याच वर्षी ऑल-स्टार, आणि पायरेट्सनी बुलपेनमध्ये (रिलीव्हरच्या गटात) ठेवलेला ग्लासनाउ टॅम्पाकडे अव्वल स्टार्टर झाला. ज्यांना आपण ‘अजून जमत नाही’ म्हणून देतोय त्यांचा वेग, फिरकी आणि स्ट्राइकआउट एकदा पुन्हा तपासावेत, ते इथे झालं नाही.

आणि एक असा सौदा, ज्याकडे मी दोन्ही बाजूंनी बघतो. २०२२ मध्ये ब्रुअर्स डिव्हिजनमध्ये पहिले असताना त्यांनी क्लोझर जॉश हेडरला पाद्रेसकडे पाठवलं. टेलर रॉजर्स, डिनेल्सन लमेट, रॉबर्ट गॅसर आणि एस्टेउरी रुइझ आले. लमेटला दोन दिवसांत रोस्टरवरून काढावं लागलं, संघाची लय गेली, ८६-७६ वर एका सामन्याने प्लेऑफ हुकला. त्याच डिसेंबरमध्ये रुइझ तीन संघांच्या सौद्यात गेला आणि ब्रुअर्सना कॅचर विल्यम कोंट्रेरास मिळाला, जो २०२४ मध्ये ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीपासून खेळला. किमतीचा हिशेब बरोबर होता. पण पहिल्या क्रमांकावरच्या संघाने ड्रेसिंग रूममधला मोठा माणूस विकताना खेळाडूंना काय वाटेल याची तजवीज आधी करायला हवी होती, आणि त्याची जागा त्याच दिवशी भरायला हवी होती.

## टप्पा ८: डेडलाइनचा दिवस आणि त्यानंतर

तारीख कमिशनर २८ जुलै ते ३ ऑगस्ट यांच्या दरम्यान ठरवतात. २०२५ मध्ये ती ३१ जुलै, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ६ वाजता होती, म्हणजे आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला. त्या दिवशी नवा विचार सुरू करू नका. आधी लिहिलेल्या किमतीखाली द्यायचं नाही आणि वर घ्यायचं नाही, एवढंच पाळा. वैद्यकीय तपासणीचे कागद बघेपर्यंत कोणताही सौदा पक्का समजू नका.

२०१९ पासून ऑगस्टमधले ट्रेड बंद झाले. जुने चाहते अजूनही ‘वेव्हर्समधून ऑगस्टात करता येईल’ म्हणतात. आता मेजर लीगचा खेळाडू ऑगस्टमध्ये मिळतो तो दुसऱ्याने वेव्हर्सवर टाकला तर, किंवा मोकळा केला तर. प्लेऑफमध्ये खेळवायचा असेल तर तो ३१ ऑगस्टपर्यंत आपल्या संघटनेत आलेला हवा.

सौदा झाल्यावर त्याच रात्री तीन कामं करा. ४० ची बेरीज पुन्हा मोजा. कोणाला डीएफए करावं, म्हणजे ४० मधून बाजूला काढावं लागलं असेल तर त्याला वेव्हर्सवर टाकायला, सोडायला किंवा (डेडलाइन उलटली नसेल तर) ट्रेड करायला सातच दिवस आहेत, ते कॅलेंडरवर लिहा. आणि तक्त्याची ती प्रत त्या तारखेसह वेगळी ठेवा. १ सप्टेंबरला रोस्टर २८ चा होईल तेव्हा, वर्ल्ड सिरीज संपून ६० दिवसांच्या यादीतले जखमी पुन्हा ४० मध्ये मोजले जातील तेव्हा, आणि नोव्हेंबरच्या मध्यात रूल फाइव्हसाठी नावं वाचवायची वेळ येईल तेव्हा तीच प्रत उघडायची आहे. जुलैत ‘अडकलेले’ गटात लिहिलेल्यांपैकी किती जण अजून तिथेच आहेत ते त्या दिवशी मोजा.